पाण्याचा थांबा

९ एप्रिल

उन्हाळी चढाई होणार हे नक्की. सिस्टरांनी सकाळी स्वतः फोन करून सांगितलं. अकरा मे, रविवार, टेकड्यांच्या रांगेतल्या शेवटच्या मनोऱ्यापर्यंत. उन्हामुळे बेत रद्द होतोय अशी कुजबुज होती, ती आमच्या मंडळाच्या कॅशियरने उठवलेली निघाली. त्याला दर उन्हाळ्यात काहीतरी रद्द व्हावंसं वाटतं.

दुसरी बातमी माझ्या दृष्टीने मोठी. आमच्या रविवार मंडळात आता पुढे चालायला माणूस नाही. इतकी वर्षं ड्रॉइंग मास्तर पुढे असायचे. ते मुलाकडे राहायला गेले. त्यांच्या जागी कोण, ते सिस्टर चार मेच्या बैठकीत सांगणार. सिस्टर म्हणजे मंडळाच्या प्रमुख. इस्पितळात नर्स आहेत आणि टेकडीवरही आम्हाला पेशंटसारखंच वागवतात.

मला ते काम हवंय. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी उघडत नाही. नोकरीभर मी मालगाडीचा गार्ड होतो. म्हणजे गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात, एकटा. पूल, बोगदा, स्टेशन, सगळं आधी इंजिनवाल्याने बघून झालेलं असायचं आणि मग माझ्यासमोर यायचं. निरोप समारंभाचा फोटो आहे, त्यातही मी कडेला उभा आणि खांद्यापासून कापला गेलेला. एकदा तरी पुढे चालायचंय.

हिला सांगितलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "चाला की. टोपी तेवढी घाला."

११ एप्रिल

सराव सुरू. हिला बरोबर घेतलं. हिचे गुडघे कुरकुरतात, शिवाय मला कोणाला तरी मागे घेऊन चालायची सवय व्हायला हवी.

खाणीमागच्या पायवाटेने चढलो. आठच वाजले होते, पण खडक तापायला लागले होते आणि गवत पायाखाली पापडासारखं मोडत होतं. माझी चाल बरी पडली. हिची नाही. पहिल्या चढावर हिच्या बुटाची नाडी सुटली. दुसऱ्या चढावर पुन्हा सुटली. पडक्या बांधापाशी कुठलासा पक्षी दिसला, तो बघायला बसली.

"आपण चालायला आलोय की पक्षी बघायला?"

"पक्षी दिसला तर बघू नको? बसा हो जरा, तुमची गाडी काही सुटत नाही."

बसलो की पिशवीतून डबा निघतो. काकडी. पुढच्या थांब्याला कलिंगडाच्या फोडी. त्याच्या पुढच्या थांब्याला संत्रं. हिला बाहेर पडलं की खाण्याचं वेडच लागतं. उगाच कटकट नको म्हणून मीही खातो.

१३ एप्रिल

मंडळाबरोबर पहिल्या मनोऱ्यापर्यंत जाऊन आलो. निघण्याआधी सिस्टरांचं नेहमीचं भाषण. सैल आणि पूर्ण बाह्यांचे कपडे, मानेला ओला रुमाल, तहान लागायच्या आधी पाणी. आणि लघवीचा रंग बघत जा, म्हणे. चारचौघांत!

उन्हाचं मला कोणी सांगू नये. मालगाडीतला गार्डचा डबा म्हणजे पत्र्याची पेटी. भर दुपारी बाजूच्या रुळावर उभी करून ठेवायचे, पुढची गाडी जाईपर्यंत तासन्‌तास. पंखा नाही, संडास नाही. मग माणूस काय करतो? पाणी कमी पितो. घसा ओला होईल इतकंच, एक घोट, तो तोंडात घोळवायचा आणि मग गिळायचा. नव्या पोरांना मी हेच शिकवायचो. आजही माझी छोटी बाटली टेकडीवर जाते आणि निम्मी भरलेली परत येते. कॅशियरच्या पाठीवर तर पाणपोईच असते.

तो मला म्हणालाच, "गार्डसाहेब, तुम्ही उंट आहात का हो?"

मी म्हटलं, "सवय लागते."

खरं सांगायचं तर आता वयामुळे दुसरीही अडचण आहे. पाणी प्यायलं की लगेच जावं लागतं. पुढे चालणारा माणूस दर वळणावर झुडूप शोधत हिंडतोय आणि मागे बायकामाणसं ताटकळत उभी आहेत, हे कसं दिसेल? त्यापेक्षा न प्यालेलं बरं.

१६ एप्रिल

हिने मावसबहिणीकडे शिवणकाम शिकायला जायचं ठरवलंय. सकाळी सहाला जाते, दहापर्यंत परत. इतक्या पहाटे कसला क्लास, विचारलं तर म्हणाली, "उन्हाच्या आत शिवून होतं." बरं आहे. हिलाही काही विरंगुळा हवा.

तोवर मी एकटा सराव करतो, संध्याकाळी. हिला बरोबर न्यायचं फक्त शनिवार-रविवार.

१९ एप्रिल

मुलीचा फोन. "बाबा, पाणी पिता ना?"

"पितो."

"किती?"

"लागेल तेवढं."

"आईला द्या."

ही फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि दार ओढून घेतलं. मायलेकींचं काय गूळपीठ चालतं देव जाणे. बाहेर येऊन मला विचारते, तुमची ती दाबाची गोळी कुठली, नाव काय तिचं? मी म्हटलं, रोज सकाळी तूच तर देतेस.

आज चढताना एक गोष्ट लक्षात आली. हिला आता धाप लागत नाही. माझ्या शिस्तीचा परिणाम. थांबण्याची खोड मात्र गेलेली नाही. आज नाडी तीनदा सुटली.

२२ एप्रिल

उकाडा वाढलाय. रात्री गच्चीवर पाणी मारलं तर वाफ आली.

हिच्या बुटांवर रोज लाल धूळ असते. गल्लीतलं खोदकाम अजून संपलेलं दिसत नाही. चेहराही रापलाय, त्या शिवणाच्या खोलीत खिडकी उन्हाकडे असावी. बटण तुटलेला माझा शर्ट आठवडाभर खुर्चीवर आहे. विचारलं तर म्हणाली, "बटणं अजून शिकवली नाहीत."

२३ एप्रिल

बैठक जवळ आली. कॅशियरही पुढे चालायच्या शर्यतीत आहे असं कळलं. बातमी त्यानेच दिली, तेव्हा कितपत खरी ते माहीत नाही.

उद्या एकट्याने दुसऱ्या मनोऱ्यापर्यंत जाणार. ही क्लासला गेली की निघायचं. नाडी नाही, पक्षी नाही, काकडी नाही. माझा खरा वेग किती आहे ते एकदा कळू दे.

२५ एप्रिल

पलंगावर बसून लिहितोय. ही समोर खुर्ची टाकून बसली आहे आणि मी काय लिहितोय ते बघत नाही असं दाखवते आहे.

काल निघायला उशीर झाला. नळ दुरुस्त करणारा येतो येतो म्हणत नऊला उगवला. उद्यावर ढकलावं असं मनात आलं होतं, पण मग वाटलं, भर उन्हात जमलं तर शेवटचा मनोरा म्हणजे हातचा मळ. बाटली घेतली. टोपी खुंटीवरच राहिली.

बांधापर्यंत झकास गेलो. पुढे दगडी चढण आहे, तिथे झाड नाही. पिंडऱ्यांत गोळे आले. उभा राहून चोळले आणि चालू लागलो. मग डोकं ठणकायला लागलं, आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. आग ओकणाऱ्या उन्हात माझ्या अंगावर थंडी वाजल्यासारखा काटा आला. वाटलं, अरे, हवेत गारवा आला वाटतं. बाटली काढली. एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि बूच लावलं. मग मळमळायला लागलं म्हणून खडकावर बसलो. खडक भाजत होता. उठायचं ठरवलं, पण पाय ऐकेनात.

वरून दोन बायका उतरताना दिसल्या. एकीची चाल ओळखीची वाटली. मनात आलं, ही तर क्लासला आहे. मग ही कोण?

"अहो! अहो, इकडे बघा! मी कोण, सांगा?"

मी म्हणालो, "शिवणकाम."

असं मी म्हणालो, हे सिस्टर शपथेवर सांगतात. दुसऱ्या बाई त्याच होत्या.

पुढचं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. दोघींनी बखोट धरून मला कपारीच्या सावलीत नेलं. बूट काढले, शर्टाची बटणं सोडली. हिने स्वतःची ओढणी पाण्यात भिजवून माझ्या मानेवर आणि काखेत दाबून धरली. सिस्टर स्वतःच्या टोपीने वारा घालत होत्या आणि प्रश्न विचारत होत्या.

"शेवटचं कधी गेलात?"

"कुठे?"

"बाथरूमला हो!"

"सकाळी. उठल्यावर."

"रंग?"

"सिस्टर, असं काय विचारता..."

"लाजा नंतर. आधी सांगा."

"चहासारखा."

"दुधाच्या की कोऱ्या?"

"कोऱ्या."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. हिने बाटलीचं बूच उघडून ती माझ्या ओठाला लावली आणि थोडं थोडं पाजत राहिली. पाणी माझ्या हनुवटीवरून सांडत होतं. कलिंगड कापताना, नळवाल्याशी भांडताना, मुलीच्या बाळंतपणात, कधी हिच्या हातून काही सांडलेलं मी पाहिलं नव्हतं.

२६ एप्रिल

डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. अर्धा तास आणखी गेला असता तर गोष्ट वेगळी होती. सलाईन लावलं. दाबाची गोळी बदलून दिली, आधीची अंगातलं पाणी काढणारी होती. हिने ते नाव त्यांना आठवड्यापूर्वीच फोनवर कळवलं होतं आणि मला घेऊन ये म्हणून त्यांनी सांगितलं होतं. मला निरोप मिळाला नाही. ही म्हणते, दिला होता, तुम्ही तेव्हा बूट पुसत होतात.

मी डॉक्टरांना म्हटलं, उन्हात माझी सगळी नोकरी गेली, मला ऊन कसं लागलं? ते म्हणाले, "ती सवय नोकरीबरोबरच गेली. अंगाला ऊन पुन्हा शिकवावं लागतं. रोज थोडं, एक-दोन आठवडे. मग घाम लवकर येतो, अंग थंड राहतं. आणि घाम यायला आत पाणी लागतं."

घरी आल्यावर हिला विचारलं, शिवणकामाचं काय?

"नाही शिकत."

"मग इतके दिवस रोज?"

"सिस्टरांबरोबर टेकडी. आधी बांधापर्यंत, मग थोडं वर, मग आणखी थोडं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला शिकवायला लागला असतात."

मग तीच म्हणाली, "तुम्ही पुढे चालणार म्हणालात. तुम्ही काही मागे वळून बघणारे नाहीत. तुमच्यावर नजर ठेवायची तर मला तुमच्याइतकं चालता यायला नको?"

मला वाटत होतं मागे वळून बघण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. नोकरीच ती होती. पण तेव्हा मागे कोणी माणूस नसायचं, नुसते रूळ.

३० एप्रिल

डॉक्टरांच्या परवानगीने आज पंधरा मिनिटं. सूर्य उगवायच्या आत, सपाटीवर. निघायच्या आधी एक पेला पाणी, परत आल्यावर एक. हिने उभं राहून पाजलं.

दारात बूट काढताना हिचे बूट माझ्या बुटांशेजारी दिसले. इतके दिवस नीट पाहिले नव्हते. त्यांना नाडी नाही. चिकटपट्टी आहे.

मी बराच वेळ तिथेच उभा होतो. ही आतून ओरडली, "काय हो, चक्कर येतेय का?"

"नाही," म्हटलं. "बूट बघतोय."

आतून भांड्यांचा आवाज जरा जास्तच जोरात यायला लागला.

४ मे

बैठक सिस्टरांच्या ओसरीवर. पंखा मधोमध, आम्ही भोवती. कॅशियरने मला पाहून उठून जागा दिली आणि म्हणाला, "या उंटराव." सगळे हसले. मीही हसलो. आत कुठेतरी अजून आशा होती, ती लपवायला हसणं बरं पडलं.

सिस्टरांनी फार फाटे फोडले नाहीत. म्हणाल्या, "यंदा पुढे वहिनी चालतील."

कोण वहिनी, हे कळायला मला वेळ लागला. सगळे हिच्याकडे बघत होते तेव्हा कळलं. हिलाही माहीत नव्हतं, तिचं तोंड उघडंच राहिलं.

"अहो सिस्टर, मी हळू चालते."

"म्हणूनच."

"मी फार थांबते हो."

"म्हणूनच म्हणतेय ना. थांबायचं कधी ते तुम्हाला कळतं. बाकीच्यांना नुसतं पोचायचं कळतं."

कॅशियरने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हाताला त्या जड लागल्या, खोटं का लिहू?

मग ही म्हणाली, "आणि शेवटी कोण राहणार?" शेवटचा माणूस ही कोणालाच नको असलेली जागा. जो रेंगाळेल त्याच्याबरोबर रेंगाळायचं आणि उशीर झाला की बोलणी खायची. माझ्याकडे कोणी बघेना. कॅशियर तर छताचे वासे मोजत होता. सगळ्यांचा तो आटापिटा पाहून मला हसू आलं आणि माझा हात वर गेला.

"गार्डसाहेब, नक्की?" सिस्टरांनी विचारलं. "आणि डॉक्टर?"

"सात तारखेला विचारतो. नाही म्हणाले तर नाही."

"माझी एक अट," ही म्हणाली. पुढचं माणूस व्हायला हिला पाच मिनिटंही लागली नाहीत. "मी थांबा दिला की सगळ्यांनी पाणी प्यायचं. सगळ्यांनी प्यायल्याशिवाय पुढे हलायचं नाही. आणि सगळ्यांत हेही आले."

मी म्हटलं, "मालगाडीत तेच होतं. गार्डने हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय गाडी हलत नाही."

"आहे तुमच्याकडे झेंडा?"

आहे. ट्रंकेत आहे. ट्रंक फेकून द्या म्हणून गेली चार वर्षं हीच माझ्या मागे लागली होती.

५ मे

दिवसभर कोणाशी धड बोललो नाही. संध्याकाळी झेंडा धुऊन दोरीवर वाळत घातला, तेव्हा मन जरा हलकं झालं. तापलेल्या हवेत दहा मिनिटांत वाळला.

८ मे

काल डॉक्टरांनी होकार दिला. पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत परतायचं, आणि जरा जरी डोकं दुखलं तरी थांबायचं, या बोलीवर.

लगेच आज रंगीत तालीम. पहिल्या मनोऱ्यापर्यंत, पहाटे. ही पुढे, मी शेवटी. आमच्यामध्ये चौदा माणसं.

इतक्या जणांच्या पाठी एकदम मी कधी पाहिल्या नव्हत्या. मागून खूप काही दिसतं. कोणाचा पाय घसटतोय, कोण बोलता बोलता गप्प झालंय, कोणाची मान लाल झाली आहे. कॅशियरची झाली होती. त्याला थांबवून रुमाल ओला करायला लावला. तो म्हणाला, "उंटाने शिकवावं आता आम्हाला!" पण केला.

पहिल्या थांब्याला सगळे प्याले. मी झेंडा वर केला. पुढून, चौदा डोक्यांवरून, हिचा आवाज आला.

"तुम्ही प्यायलात?"

"प्यायलो!"

"बाटली उलटी धरून दाखवा!"

धरली. खळ्‌कन पाणी सांडलं. मंडळ खाली बसून हसलं. दुसरी बाटली सगळ्यांदेखत संपवावी लागली.

अर्थात त्याचा परिणाम व्हायचा तो झालाच. पुढच्या थांब्याला मी लाज गिळली आणि ओरडलो, "मला दोन मिनिटं लागतील!" आणि झुडपाकडे वळलो. मागून कॅशियर म्हणाला, "थांबा हो, मीही येतो." मग आणखी दोघं निघाले. इतकी वर्षं तेही दाबूनच चालत होते म्हणे. मास्तर पुढे असताना कोणाची टाप नव्हती थांबायची.

परत आलो तेव्हा ही पुढे कमरेवर हात ठेवून उभी होती. माझा झेंडा वर जायची वाट बघत.

१० मे

हवामान खात्याचा संध्याकाळचा अंदाज रेडिओवर ऐकला. उद्या कडक ऊन, दुपारी गरम वारे. सिस्टरांनी फोनवर सांगितलं की बेत कायम आहे, फक्त निघायची वेळ अर्धा तास अलीकडे आणली. पहाटे साडेचारला खाणीपाशी जमायचं. नऊपर्यंत शेवटचा मनोरा गाठला तर गाठला, नाही तर जिथे असू तिथून परत. तो निर्णय हिचा आणि त्यावर कोणी वाद घालायचा नाही. सिस्टरांनी हे मला दोनदा सांगितलं. का, ते कळलं.

माझ्या दोन मोठ्या बाटल्या भरून दाराशी ठेवल्या आहेत. टोपी त्यांच्यावरच ठेवली आहे. शिट्टी खिशात. मुलीने फोनवर विचारलं, "बाबा, किती पाणी नेताय?" मी आकडा सांगितला तर म्हणाली, "आईला द्या." तरी विश्वास नाही!

ही काकड्या चिरते आहे. सोळा जणांच्या. मी विचारलं, उद्या नाडी कितीदा सुटणार? वर न बघता म्हणाली, "लागेल तेवढ्या वेळा."

पोचलो तर मनोऱ्यावर कॅशियर फोटो काढणार आहे. मी हिला सहज म्हटलं, मी सगळ्यात शेवटी येणार, तोवर तुम्ही सगळे नीट उभे राहिलेले असाल. पुन्हा मी कडेलाच.

हिने सुरी खाली ठेवली. "फोटो माझ्याशिवाय निघत नाही ना? मी मधे उभी राहीन आणि शेजारी तुमच्या जागेवर माझी पिशवी ठेवीन. तुम्ही सावकाश या."